ओढ्याकाठची लाल टाचणी: ठोसेघरच्या बाजूला कुणी पाहिली आहे का?

रानजाई
नमस्कार मंडळी,

गेले दोन हंगाम मी एका टाचणीच्या मागे आहे आणि ती अजून मला दिसलेली नाही. टाचणी म्हणजे कागदाला लावायची, एवढंच ज्यांना माहीत आहे त्यांच्यासाठी सांगते. चतुराची ही नाजूक चुलत बहीण. चतुर बसला की पंख आडवे पसरून बसतो, टाचणी बहुतेक वेळा ते पाठीवर मिटून बसते. चतुराचे डोळे बहुतेक जातींत डोक्यावर एकमेकांना टेकलेले असतात, टाचणीचे दोन बाजूंना लांब लांब.

मला पाहायची आहे ती युफिया वंशातली. इंग्रजीत यांना टॉरेंट डार्ट म्हणतात. खळाळत्या ओढ्यात दगडावर, काडीवर बसणाऱ्या. नराचं पोट लालभडक आणि शेपटाकडे काळं. २०२१ मध्ये सह्याद्रीच्या उत्तर भागातून या वंशातल्या दोन नव्या जातींचं वर्णन प्रसिद्ध झालं. त्यातल्या एकीचं नाव युफिया ठोसेघरेन्सिस. चक्क आपलं ठोसेघर! मी साताऱ्यात वाढले. सज्जनगड करून पुढे ठोसेघरला जायचं, धबधबा बघायचा, कणीस खायचं आणि परत यायचं, असं किती पावसाळे केलं असेल. आणि त्याच डोंगरातल्या ओढ्यांवर जगाला नाव माहीत नसलेला जीव उडत होता. हे वाचल्यापासून मला चैन नाही.

मागच्या वर्षी सप्टेंबरात तीन रविवार गेले, यंदा जूनमध्ये दोन. प्रत्येक वेळी ओढ्यातून चालत चालत वरपर्यंत गेले. हिरव्या चमकत्या पंखांची स्ट्रीम ग्लोरी टाचणी भरपूर दिसली, स्ट्रीम रुबी टाचणीचे नर दिसले. लाल मात्र नाही. माझ्याकडे साधा डीएसएलआर आहे आणि ७०-३०० लेन्स.

कुठे, कधी, कसं शोधायचं ते अनुभवी लोकांनी सांगावं. आणि दिसलीच तर फोटो कसा काढायचा, तेही.

चिंटूची_आई
वाचतेय. माझा सात वर्षांचा मुलगा शेजारी बसून ऐकतोय. त्याचं म्हणणं, टाचणी हरवली असेल तर लोहचुंबक घेऊन जा.

घाटमाथा
चिंटूला माझ्यातर्फे शाबासकी.

रानजाई, दोन हंगाम म्हणजे काहीच नाही, धीर सोडू नका. पण तुमचं एक वाक्य खटकलं. "ओढ्यातून चालत चालत वरपर्यंत गेले." घोटाळा तिथेच आहे. ओढ्यातून चालायचं नाही. काठानं चालायचं, आणि जागा सापडली की बसायचं.

ओढा नीट बघा. एक डोह असतो, तिथं पाणी थांबलेलं. मग खडकावरून पातळ पसरून जाणारं पाणी. आणि डोहाच्या तोंडाशी दोन दगडांमध्ये पाणी अरुंद होतं आणि झोतानं बाहेर पडतं, पांढरं फेसाळ होऊन. लाल टाचणीचा नर या तिसऱ्या जागी असतो. झोताच्या कडेला एखादी वाळकी काडी, उघडं पडलेलं मूळ, पाण्यावर वाकलेली फांदी. त्यावर थोडा तरी उन्हाचा कवडसा येत असला पाहिजे. डोंगराच्या पोटातल्या ओढ्यावर ऊन पोचायलाच साडेनऊ-दहा वाजतात. त्याआधी जाऊन उपयोग नाही, आणि दुपारी ढग दाटले की तो वर झाडात निघून जातो.

नर सापडला की घाबरायचं कारण नाही. तो त्याच्या जागेचा मालक आहे. तुम्ही हललात तर उडेल, एक फेरी मारेल आणि बहुधा परत त्याच काडीवर येईल. दुसरा नर आला तर दोघं समोरासमोर तरंगत एकमेकांना हुसकावतील. बसल्या बसल्या मध्येच मागचे पंख उघडेल. तेव्हा पंखाच्या टोकाकडचा काळा भाग दिसतो. हे बघायला अर्धा तास एका दगडावर बूड टेकून बसावं लागतं. मी पंधरा वर्षं ओढ्यांवर जातोय. चालून जेवढं दिसलं त्याच्या दसपट बसून दिसलं.

निरभ्र
घाटमाथा काकांशी शंभर टक्के सहमत. फोटोबद्दल मी लिहितो.

७०-३०० पुरेशी आहे, मॅक्रोसाठी थांबू नका. ३०० वर दोन मीटर लांबून घेतलेला फोटो हा १०० एमएम मॅक्रो घेऊन वीतभर जवळ जाऊन उडवून लावलेल्या टाचणीपेक्षा केव्हाही चांगला. मुख्य गोष्ट अशी की टाचणी लांब आणि बारीक असते. तिच्या बाजूला बरोबर समांतर राहिलात तरच डोक्यापासून शेपटापर्यंत सगळं धारदार येतं. थोडं तिरपं झालं की डोळे स्पष्ट आणि शेपूट धुरकट. त्यामुळे कॅमेरा तिच्या उंचीवर आणा. म्हणजे बहुतेक वेळा ओल्या दगडावर पोटावर झोपणं आलं.

छिद्र एफ ८ च्या आसपास, शटर १/२५० च्या खाली नेऊ नका कारण झोताच्या वाऱ्यानं काडी सतत हलत असते. आयएसओ १६०० झालं तरी होऊ द्या. मागे फेसाळ पाणी असेल तर कॅमेऱ्याची प्रकाशाची मोजणी फसते, पांढरं जळून जातं. एक्सपोजर थोडं खाली ओढा.

आणि एकच फोटो काढून थांबू नका. बाजूनं, वरून, आणि शेपटाच्या टोकाचा जितका जवळून मिळेल तितका. ओळख पटवायची वेळ आली की तोच कामाला येतो.

सावली_सावली
थोडं विषयांतर, पण टाचणी शोधण्याबद्दलच आहे. मी कर्नाटकात आगुंब्याच्या बाजूला गेले होते, तिथं प्रोटोस्टिक्टा वंशातल्या टाचण्या पाहिल्या. इंग्रजीत रीडटेल किंवा शॅडोडॅमसेल. या उन्हात येतच नाहीत. ओढ्याच्या काठावर जिथं माती खचून मुळं लोंबतात, त्या काळोखात लटकलेल्या असतात. शरीर सुतळीच्या धाग्याएवढं आणि काळपट. आमचा वाटाड्या म्हणाला, "बघा, गेली." मला काहीच दिसलं नाही. मग तो म्हणाला, टाचणी शोधू नका, ठिपका शोधा. आणि खरंच, अंधारात एक फिकट ठिपका हळूहळू तरंगत गेला आणि थांबला. तो तिच्या शेपटाच्या टोकाजवळचा. त्या ठिपक्यापासून मागे मागे नजर नेली तेव्हा कुठे अख्खी टाचणी उमगली. अंगावर काटा आला होता.

याच वंशातल्या केरळातल्या एका जातीचं वर्णन २०२३ मध्ये पुण्याच्या संशोधकांनी केलं, प्रोटोस्टिक्टा आर्मागेडोनिया. जगभर कीटक झपाट्यानं कमी होत चाललेत, तो इशारा म्हणून हे नाव. एवढ्याशा जिवाला जगबुडीचं नाव, मला वाचूनच कसंतरी झालं.

मृदगंध
मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून राहवत नाही. काकांनी "ओढ्यातून चालू नका" म्हटलं त्याचं कारण पाण्याखाली आहे.

आपण जी उडणारी टाचणी बघतो ते तिच्या आयुष्याचं शेवटचं, छोटंसं प्रकरण. त्याआधी बराच काळ ती पाण्यात डिंभ, म्हणजे बिनपंखी पिल्लू, म्हणून राहते. युफियाच्या कुळातल्या डिंभांना शेपटाकडे फुगीर कल्ले असतातच, शिवाय पोटाच्या दोन्ही बाजूंनी कल्ल्यांची रांग असते. वाहत्या, प्राणवायूनं भरलेल्या पाण्यात, दगडाच्या खालच्या बाजूला ते चिकटून असतात. दगड उलटा केला की त्यांचं घर उलटं झालं. गाळ ढवळला की तो कल्ल्यांवर बसतो. साबणाचं पाणी, भांडी घासलेली राख, शेतातून आलेली फवारणी, सगळं तिथं पोचतं. म्हणून ओढा बिघडला की ही सगळ्यात आधी नाहीशी होते, आणि साध्या तळ्यावरच्या टाचण्या मात्र टिकून राहतात. ज्या ओढ्यावर लाल टाचणी दिसते त्या ओढ्याचं पाणी चांगलं, हे मी मुलांना डोळे मिटून सांगतो.

अंडी घालायला काही जातींच्या माद्या चक्क पाण्याखाली उतरतात. अंगाभोवती हवेचा चंदेरी थर घेऊन बुडालेल्या मुळांवर चालत जातात. रानजाई, मादीही शोधा. ती लाल नसते, मातकट असते, म्हणून लोक सोडून देतात.

बाणकोटी
मृदगंध सर, या टाचणीला मराठी नाव काय द्यावं? टॉरेंट डार्ट म्हणताना माझी जीभ अडखळते.

मृदगंध
माझे विद्यार्थी तिला "झोतटाचणी" म्हणतात. मला आवडलं. कागदोपत्री कुठे नाही.

सावली_सावली
झोतटाचणी फारच छान! मी "खळाळी" म्हणणार होते, पण हे जास्त चांगलं. आमच्याकडे लहानपणी चतुर, टाचणी, सगळ्यांना एकच नाव होतं, हेलिकॉप्टर.

बाणकोटी
आमच्याकडे पण. आणि आता लिहिल्याशिवाय राहवत नाही. आम्ही मुलं त्या हेलिकॉप्टरच्या शेपटीला दोरा बांधायचो. मळ्याच्या कडेला दबकत जायचं, दोन बोटांत शेपूट धरायचं, शिवणाच्या दोऱ्याची गाठ मारायची आणि सोडायचं. तो दोऱ्याच्या लांबीएवढाच उडायचा आणि परत ओढला जायचा. संध्याकाळपर्यंत मरायचा. एका दुपारी आजीनं बघितलं. ती ओरडली नाही. माझ्या मनगटाला सुंभ बांधला, दुसरं टोक खांबाला, आणि जेवायला वाढलं. ताट हाताला लागत नव्हतं. दहा मिनिटांनी तिनं सोडलं. त्यानंतर मी चतुर धरला नाही. आता तिच्या नावानं दर पावसाळ्यात नातवंडांना ओढ्यावर नेतो आणि दाखवतो, हात न लावता.

चिंटूची_आई
@बाणकोटी, हे मी चिंटूला वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होता.

कोयनाकाठ
सगळे छान लिहिताय, पण मला एक कडू गोष्ट मांडायची आहे. रानजाईताई, तुम्ही "कुठे" विचारलंत. कृपा करून कुणी ओढ्याचं नाव इथं लिहू नका.

मागच्या वर्षी आमच्या गावाच्या ओढ्यावर बाहेरून फोटोवाल्यांचा एक गट आला. कुणी तरी फोटोखाली गावाचं नाव टाकलेलं. सकाळी आठ माणसं, दुपारी बारा. मागे पाणी दिसायला हवं म्हणून वाकलेल्या फांद्या कोयत्यानं छाटल्या. बसायला जागा हवी म्हणून झोतातले दगड उचलून काठावर रचले. एकानं टाचणी जाळ्यात पकडली आणि थर्मासमधल्या बर्फात ठेवली, गारठून हलेनाशी झाली की पानावर ठेवून फोटो काढायचा. मी बघितलं म्हणून बोलतोय. हुसकावून लावलं मी त्यांना. पण तोवर जे व्हायचं ते झालं होतं. यंदा त्या झोतावर एकही लाल टाचणी आली नाही. दगड आम्ही परत बसवले, पण बसवलेला दगड आणि पाण्यानं जागेवर रुजवलेला दगड यात फरक असतो.

देवगडची
कोयनाकाठ, वाचून वाईट वाटलं आणि रागही आला. तुम्ही केलंत ते योग्यच. पण नाव लपवलं की जीव वाचतो, हे मात्र मला पूर्ण पटत नाही.

आमच्या सिंधुदुर्गातलं बघा. २०१९ मध्ये विमलेश्वरच्या पाणथळीतून सेरियाग्रिऑन क्रोमोथोरॅक्स नावाच्या टाचणीचं वर्णन झालं, इंग्रजीत तिला सिंधुदुर्ग मार्श डार्ट म्हणतात. २०२० मध्ये जांभ्याच्या कातळावरचा ब्रॅडिनोपायगा कोंकणेन्सिस हा चतुर. २०२२ मध्ये आंबोलीजवळच्या चौकुळ गावाचं नाव मिळालेला बर्मागोम्फस चौकुलेन्सिस, हाही चतुरच. आणि आंबोलीच्या हिरण्यकेशीचा मासा, शिस्टुरा हिरण्यकेशी. मंदिराच्या कुंडातला तो मासा २०२० मध्ये जगापुढे आला आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. जागा कुणालाच माहीत नसती तर हे झालं असतं? गावाच्या नावाची जात निघाली की गाव तिची राखण करतं. उद्या कुणी तिथं खाण, रस्ता नाहीतर हॉटेल आणायचं म्हणालं, तर "इथं काहीच नाही" असं त्याला म्हणता येत नाही.

कोयनाकाठ
ताई, गावाला कळावं, यात वाद नाही. आमच्या ग्रामसभेत मीच सांगितलं. माझं म्हणणं अनोळखी शंभर जणांबद्दल आहे. गावाला नाव कळणं आणि फोनवर ठिकाणाचा बिंदू मिळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

निरभ्र
मधला मार्ग आहे. आयनॅचरलिस्टवर, म्हणजे जीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर, नोंद टाकताना ठिकाण धूसर ठेवता येतं. मग लोकांना नेमका बिंदू न दिसता साधारण वीस-बावीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी, एवढंच दिसतं. धोक्यात असलेल्या काही जातींसाठी ते आपोआप होतं, बाकीच्यांसाठी आपण निवडायचं. मी सगळ्या ओढ्यांच्या नोंदी अशाच टाकतो. आणि फोनमधल्या फोटोत ठिकाण आपोआप साठवलेलं असतं, व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवलात तर ते सोबत जातं. ते आधी काढून टाका.

गारठवून फोटो काढणाऱ्यांबद्दल मला बोलायचंही नाही. डोळ्यांचा रंग जातो, पाय ताठ होतात, ओळखणाऱ्याला लगेच कळतं. असे फोटो स्पर्धांमधून बाद व्हायलाच हवेत.

घाटमाथा
वनखात्याच्या हद्दीचं विसरू नका. कोयना आणि चांदोलीचं जंगल सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतं, तिथं परवानगीशिवाय ओढ्यावर उतरणं हा गुन्हा आहे. जाळं तर कुठेच नको. सुदैवानं झोतटाचणी गावठाणाच्या वरच्या ओढ्यांवर, देवरायांतल्या ओहोळांवरही असते.

परदेशी_पाखरू
मी जपानात असते. इथं चतुर इतका लाडका आहे की या देशाचं एक जुनं नावच "आकित्सुशिमा", म्हणजे चतुरांचं बेट. तो नेहमी पुढे झेपावतो, मागे हटत नाही, म्हणून सामुराई शिरस्त्राणावर त्याची आकृती लावत. शाळेतली मुलं जाळी घेऊन पकडतात, वहीत नोंद करतात आणि सोडतात. हे बघून मला कायम वाटतं, आपल्याकडे सह्याद्रीत केवढी दौलत आहे! पश्चिम घाटात चतुर-टाचण्यांच्या दोनशेच्या आसपास जाती सांगतात आणि त्यातल्या कितीतरी जगात दुसरीकडे कुठेच नाहीत.

चिंटूची_आई
एक प्रश्न. आमच्या पुण्यात गच्चीवर पावसाळा संपत आला की पिवळट चतुरांचे थवे घिरट्या घालतात. ते कोण?

मृदगंध
तो पँटाला फ्लाव्हेसेन्स, भटक्या चतुर. हा पावसामागून वारे पकडत प्रवास करतो. मालदीवमध्ये दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास त्यांचे थवे उतरतात हे बघून चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडलं की हे भारतातून मालदीवमार्गे आफ्रिकेला जातात. तुमच्या गच्चीवरचा पाहुणा कदाचित हिंदी महासागर ओलांडणार असेल. आणि आपली झोतटाचणी? ती जन्मली त्या ओढ्यापासून फार लांब जात नाही. तो ओढा गेला की तिला जायला जागा नाही. म्हणून तिची मला जास्त काळजी.

सावली_सावली
रानजाई, एकटी जात असाल तर दोन गोष्टी. जळवांचा बाऊ करू नका. लांब मोजे पँटवर ओढा आणि चिकटलीच तर नखानं सरकवून काढा. मीठ-तंबाखू ओढ्याकाठी टाकू नका, ते पाण्यात उतरतं. दुसरं, वेलीला हात लावायच्या आधी बघा. चापडा हा विषारी साप हिरव्या पानांत हिरवा असतो.

घाटमाथा
आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर माथ्यावर पाऊस असू शकतो. पाण्याचा रंग गढुळला, पानं-काटक्या एकदम वाढल्या, आवाज जड झाला, की कॅमेरा आवरत बसू नका, काठ चढा. आमच्या डोळ्यांदेखत गुडघ्याएवढा ओढा पाच मिनिटांत छातीएवढा झालाय.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. मी ओढ्यातून चालत होते याचं आता वाईट वाटतंय. कळलं नव्हतं. कोयनाकाठदादा, तुमचं म्हणणं मान्य. माझा "कुठे" हा प्रश्न मागे घेते. झोताची जागा मीच शोधीन. सप्टेंबर उलटला की येते सांगायला.

रानजाई
(ऑक्टोबर)
दिसली!

घरी येऊन कपडेही बदललेले नाहीत, आधी लिहायला बसलेय.

काकांनी सांगितलं तसं केलं. ओढ्याचं नाव लिहीत नाही. काठाकाठानं गेले. दोन झोत रिकामे निघाले. तिसऱ्यावर एका बाजूला जांभळीचं मूळ पाण्यावर आलेलं, त्यावर ऊन. साडेदहाला बसले. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. स्ट्रीम ग्लोरीचा एक नर समोर उतरला, पंख उघडले की हिरवी वीज चमकावी तसा. त्याच्याकडेच बघत होते, आणि नजरेच्या कोपऱ्यात काहीतरी लाल हललं.

मुळाच्या टोकाला. जास्वंदीच्या कळीसारखं लाल, आणि टोक कोळशासारखं काळं. डोळे गडद. पाण्याचा तुषार उडून पंखावर बसत होता आणि ती पंख किंचित उघडून मिटत होती, पापणी मिटावी तशी. माझे हात इतके थरथरत होते की पहिले वीस फोटो वाया गेले. मग कॅमेरा मांडीवर ठेवला आणि नुसती बघत राहिले. दुसरा नर आला, दोघं तोंडाला तोंड लावून हवेत उभे राहिले, मग पाहुणा वर निघून गेला. आमचा परत मुळावर. अगदी त्याच जागी! मग हात स्थिर झाले.

मादीही बघितली, मृदगंध सर. त्याच मुळाच्या ओल्या भागावर, मातकट, डोळ्यांत न भरणारी. तुम्ही सांगितलं नसतंत तर काडीच समजले असते. ती पाण्याखाली जाते का म्हणून पाऊण तास बघितलं, पण नुसती मुळावर शेपूट टेकवत राहिली. मग ढग आला आणि दोघंही गेली.

फोटो टाकतेय. ही ठोसेघरेन्सिसच ना?

बाणकोटी
काय सुंदर! अभिनंदन ताई!

परदेशी_पाखरू
इतक्या लांब बसून डोळ्यांत पाणी आलं.

निरभ्र
चौथा फोटो अप्रतिम. डोळे ते शेपूट सगळं एका रेषेत. ३०० वर हातात धरून हे सोपं नाही.

घाटमाथा
रानजाई, फार आनंद झाला. युफियाचा नर आहे, यात शंका नाही. पण जातीचं नाव मी लिहिणार नाही, आणि तुम्हीही आत्ता लिहू नका.

या लाल टाचण्या एकमेकींसारख्याच दिसतात. मागच्या पंखावरचा काळा भाग किती, छातीवरच्या रेषा कशा, आणि नराच्या शेपटाच्या टोकाचे चिमटे व जननेंद्रियं कशी, यावरून त्या वेगळ्या केल्यात. २०२१ च्या दोन जातींतली दुसरी, स्युडोडिस्पार, तीही आपल्याच भागातली. तुमच्या फोटोत पंख मिटलेले आहेत आणि शेपटाचं टोक मुळाच्या सालीमागे गेलंय. वायनाडमध्ये असंच झालं. २०१३ पासून लोकांना दिसत असलेली टाचणी पुढे स्युडोडिस्पार समजली गेली. शेवटी २०२५ मध्ये ती वेगळीच निघाली, युफिया वायनाडेन्सिस. बारा वर्षं फोटो होते, खरं नाव नव्हतं.

"युफिया, जात नक्की नाही" असं लिहून नोंद टाका, ठिकाण धूसर ठेवून. जाणकार बघतील. पुढच्या वेळी वरून, पंख उघडलेले असताना एक आणि टोकाचा एक.

रानजाई
खरं सांगू, नाव वाचायची इतकी सवय झाली होती की क्षणभर वाईट वाटलं. पण पटलं. "युफिया, जात नक्की नाही" म्हणून नोंद टाकली. बिंदू धूसर.

चिंटूची_आई
चिंटू विचारतोय, नाव नक्की नसेल तर तोवर तिला हाक कशी मारायची? मी म्हटलं, झोतटाचणी. त्यानं वहीत चित्र काढून खाली तेच लिहिलंय.

मृदगंध
वही जपून ठेवा.

कोयनाकाठ
रानजाईताई, तुमचे फोटो गावातल्या पोरांना दाखवले. मागे पाणी आहे, दगड आहेत, फांदी आहे, काहीच हलवलेलं नाही, हे त्यांनीच मला दाखवून दिलं. आणि एक सांगायचं राहिलं. परवा आमच्या ओढ्यावर, जिथं दगड परत बसवले होते त्याच्या जरा खाली, थोरल्या पुतण्याला एक लाल दिसली म्हणतो. मी अजून बघितली नाही. तुम्ही आलात तर बरं होईल, टोकाचा फोटो काढायला.

रानजाई
दादा, येत्या रविवारी येऊ? सकाळच्या पहिल्या एसटीनं निघाले तर ऊन ओढ्यावर यायच्या आत पोचेन ना?

कोयनाकाठ
पोचाल. फाट्यावर पुतण्याला उभा करतो. गमबूट नकोत, काठानंच जायचंय.